पाव डॉलरचं नाणं

"गाडी नंतर बघ, आधी टायर बघ." आजोबांनी खिशातून पाव डॉलरचं नाणं काढलं आणि टायरच्या खाचेत उलटं खोचलं. नाण्यावरच्या वॉशिंग्टनसाहेबांचा माथा उघडाच दिसत होता. म्हणजे खाच जेमतेम ३ मिलिमीटर. "बर्फासाठी हे टायर संपले."

आणि गाडी त्यांचीच, विकायला काढलेली!

अमेरिकेत, बफेलोतला पहिला हिवाळा बसच्या भरवशावर काढला. ईरी सरोवरावरून बर्फ आला की थांब्यावरच माझा पुतळा व्हायचा. म्हणून यंदा ही जुनी सुबारू. मी ऐटीत म्हटलं, "फोर व्हील ड्राइव्ह आहे, मग काय!"

ते हसले. "निघायला मदत होते रे. थांबायला ब्रेक सगळ्याच गाड्यांना चार असतात."

मग गुडघे टेकून गाडीखालचा गंजही दाखवला. रस्त्यावर टाकतात त्या मिठाचा प्रताप.

पुण्यात "डॉक्टरांची गाडी, एकदम टकाटक" ऐकून तयार झालेला माणूस मी. घासाघीस करायला आलो होतो, तोंडच उघडेना. मागितले तेवढे देऊन मोकळा झालो. बायको म्हणते, हीच त्यांची विकायची युक्ती.

असेल का हो?