दिसणं, बघणं आणि फसवं ‘ताना’

‘आय ॲम हिअरिंग अ नॉइज’ हे वाक्य चुकतं, कारण आपण ‘मला आवाज ऐकू येतोय’मधला ‘येतोय’ जसाच्या तसा उचलतो. खरं तर उत्तर मराठीतच आहे. वाक्यात ‘मला’ असेल (मला दिसतंय, मला ऐकू येतंय), तर इंग्रजीत सी किंवा हिअर, आणि त्यांना ‘आयएनजी’ नाही. ‘आय कॅन हिअर अ नॉइज’ म्हणायचं. कर्ता ‘मी’ असेल (मी बघतोय, मी ऐकतोय), तर लुक ॲट, वॉच, लिसन टू. इथे ‘आयएनजी’ खुशाल लावा. (‘आय ॲम सीइंग हिम’ हे वाक्य असतं, पण त्याचा अर्थ भलताच: आमचं जुळलंय!)

स्मेलला मात्र असे वेगळे शब्द लागत नाहीत, तो तीन कामं करतो. मला वास येतोय: आय कॅन स्मेल गॅस. मी वास घेतोय: आय ॲम स्मेलिंग द मिल्क. आमटीला छान वास येतोय: द आमटी स्मेल्स गुड. या तिसऱ्या प्रकारात ‘वेल’ नको, कारण वर्णन आमटीचं आहे, क्रियेचं नाही. तसंच, ती रागावलेली दिसली: शी लुक्ड अँग्री. तिने रागाने बघितलं: शी लुक्ड ॲट मी अँग्रिली.

खरा घोळ पुढे आहे. ‘मी त्याला रस्ता ओलांडताना पाहिलं.’ ओलांडत कोण होतं, मी की तो? मराठीत संदर्भावर भागतं. इंग्रजीत ‘आय सॉ हिम व्हाइल क्रॉसिंग द रोड’ लिहिलंत, की रस्ता तुम्हीच ओलांडलात. व्हाइल काढा: ‘आय सॉ हिम क्रॉसिंग द रोड’. आता ओलांडणारा तो. पण पलीकडे पोचला की नाही, हे वाक्य सांगत नाही. पोचेपर्यंत पाहिलं असेल तर ‘आय सॉ हिम क्रॉस द रोड’. अपघाताच्या साक्षीत हा फरक महागात पडू शकतो. ‘ओलांडताना’मधल्या ‘ताना’च्या सवयीने आपण सगळीकडे ‘आयएनजी’ लावतो आणि हे दुसरं, मूळ रूप (क्रॉस) विसरतो. क्षणात संपणाऱ्या क्रियेत तर अर्थच बदलतो: ‘आय हर्ड द डोअर स्लॅम’ म्हणजे दार एकदाच आपटलं, ‘स्लॅमिंग’ म्हटलं की वाऱ्याने आपटतच राहिलं.

या मूळ रूपाआधी ‘टू’ नको आणि त्याला भूतकाळही नको. ‘आय हर्ड हर सँग’ चूक, कारण भूतकाळ हर्डने आधीच घेतलाय. ‘आय हर्ड हर सिंग’ बरोबर. ‘आय हर्ड माय नेम कॉल्ड’ मात्र बरोबर. तिथे कॉल्ड म्हणजे ‘पुकारलेलं’. नाव स्वतः कुणाला हाक मारत नाही.

पॅसिव्ह (कर्मणी प्रयोग) करताना हाकललेला ‘टू’ परत येतो: ‘दे सॉ हिम एंटर द बँक’चं ‘ही वॉज सीन टू एंटर द बँक’. पॅसिव्हच्या प्रश्नात मुलांचा मार्क इथेच जातो. ‘एंटरिंग’ असेल तर काहीच बदलत नाही: ‘ही वॉज सीन एंटरिंग द बँक’. वॉचचं असं ‘टू’वालं पॅसिव्ह करायला जाऊ नका, ‘ही वॉज वॉच्ड टू एंटर’ असं कुणी म्हणत नाही.