अकरा टाके

गाडी पुरात बुडाली की मालकाचा पहिला फोन येतो, तेव्हा मी आधी एकच गोष्ट सांगतो : "सेल्फ मारू नका." २०१९ च्या ऑगस्टमध्ये हे किती जणांना सांगितलं असेल, त्याची मोजदाद नाही. कोल्हापुरात पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यापाशी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४३ फुटांची. सिलिंडरमध्ये पाणी असताना कुणी चावी फिरवली, तर पिस्टन वर येताना पाण्यावर आदळतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. मग कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी ब्लॉक फोडून बाहेर येतो.

पाणी ओसरल्यावर शिवाजी उद्यमनगरात माझ्या गॅरेजसमोर गाड्यांची रांग लागली. बहुतेक चार-पाच वर्षांच्या आतल्या. धुतल्यावर चकचकीत दिसायच्या. पण सीटखाली, कार्पेटखाली, डॅशबोर्डमागं एअरबॅगचं, एबीएसचं, इंजिनचं अशी वेगवेगळी कंट्रोल युनिटं असतात. गढूळ पाणी एकदा कनेक्टरमध्ये शिरलं की आतल्या पिना हळूहळू हिरव्या पडतात. आज सुरू झालेली गाडी महिन्याभरानं भर रस्त्यात मुकी होते. विमा कंपनीचे सर्व्हेअर यायचे, दुरुस्तीचा खर्च विम्यात धरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की 'टोटल लॉस' लिहायचे. हिशेबात त्यांचं चुकत नव्हतं. तरी एक शिक्षक आपल्या गाडीतून गणपतीची छोटी मूर्ती काढून घेऊन गेले, तेव्हा माझ्या पोटात कालवलं. गाडी तीन वर्षांची होती आणि तिला मी काहीच करू शकत नव्हतो.

त्याच आठवड्यात शिरोळ तालुक्यातून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत एक गाडी आली. चार दिवस पाण्याखाली होती. टपावरचा चिखल वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. १९५८ ची फियाट ११००. गोलसर पाठ आणि पुढं आलेलं नाक, म्हणून आपल्याकडं हिला 'डुक्कर फियाट' म्हणतात, आणि ते प्रेमानंच म्हणतात. पुढचे दरवाजे उलटे उघडणारे, बिजागरी मागच्या बाजूला.

मालक ऊस करणारे, माझ्यापेक्षा थोडे लहान. ट्रॉलीतून उतरून म्हणाले, "मिस्त्री, दसऱ्याला दारात पायजे. वडील गेल्यापास्नं बी दसऱ्याचा हार कधी चुकलेला न्हाई हिचा. आई घर सोडून छावणीत ऱ्हायली, पर विचारत हुती हिचंच."

"सेल्फ मारला का?"

"बॅटरीच काढून ठेवली हुती की, पाणी यायच्या आधी."

तिथंच मी गाडी दुरुस्तीला घेतली.

आतून ती कशी निघाली, ते सांगतो. इंजिनाच्या तळाच्या ऑइल चेंबरचा नट सोडल्यावर आधी पाणी आलं, मग दुधाळ चहासारखं ऑइल. तेल पाण्यावर तरंगतं, म्हणून हा क्रम. इंजिन जाम होतं. प्लगच्या भोकांतून डिझेल ओतून आठ दिवस तसंच ठेवलं. नवव्या दिवशी पुढून हँडल घातलं आणि हिसका न देता मागं-पुढं, मागं-पुढं करत राहिलो. दुपारी ते बोटभर हललं. डायनामो आणि सेल्फ पूर्ण खोलून धुतले, आर्मेचरला वॉर्निश देऊन भट्टीत वाळवले. ब्रेकच्या ड्रममधून चमच्यानं चिखल काढला. आणि वायरिंग? सगळ्या गाडीचं वायरिंग बाहेर काढलं तर एका हातावर बसलं. साध्या पाण्यात धुतलं, दोरीवर वाळत घातलं, टोकं घासली. झालं.

आमच्या गॅरेजमधला पोरगा ते बघत होता. नव्या गाड्यांवरच शिकलेला, स्कॅनर लावून बिघाडाचा कोड वाचण्यात तरबेज. म्हणाला, "काका, हिच्यात कोड कुठं बघायचा?" मी त्याला प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून दिलं. पॉइंट उघडतो-मिटतो ते हातानं फिरवून दाखवलं. ठिणगीचा क्रम १-३-४-२ दाखवला. त्या दिवशी तो जेवायला दीड तास उशिरा गेला. लोक मला विचारतात, या जुन्या गाड्यांचं लोकांना एवढं काय असतं? क्रोम, आकार, आठवणी, सगळं आहेच. पण मला वाटतं, खरी ओढ इथं आहे : ही गाडी आपल्यापासून काही लपवत नाही. बिघाड डोळ्यांना दिसतो, बोटाला लागतो, कानाला कळतो. माणसाच्या हाताला तिच्यात शिरायला जागा आहे.

सुटे भाग मिळाले, त्याचंही कारण सांगण्यासारखं आहे. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट तयार होऊ लागल्या. मॉडेलं बदलली, नावं बदलली, पण १०८९ सीसीचं इंजिन पुढं प्रीमियर पद्मिनीतही तेच राहिलं. बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. पद्मिनी विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत निघत होती, म्हणून रिंगा, पॅकिंग अजून सापडतात. फ्युएल पंपाचा डायफ्रॅम मात्र मी मुद्दाम चांगल्या रबराचा शोधून आणला. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं, त्यानं जुनं रबर फुगतं आणि मऊ पडतं. इथेनॉल म्हणजे अखेर ऊसच. मालकांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ त्या फुगलेल्या जुन्या डायफ्रॅमकडं बघत राहिले.

खंडेनवमी आली ७ ऑक्टोबरला. उद्यमनगरात ही मोठी असते. फौंड्र्या, लेथ, ड्रिल मशिनं, सगळ्यांना झेंडूचे हार. पूजेला मांडलेलं हत्यार त्या दिवशी परत हातात घ्यायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. माझा बेत साधा होता : सकाळी गाडी सुरू करायची, अकराला पूजा, दुपारी गाडी गावाकडं.

आदल्या रात्री रेडिएटर भरला होता. सकाळी सातला शटर उघडलं, तर ब्लॉकखाली फरशीवर रुपयाएवढा ओला डाग. बघता बघता वरून एक थेंब पडला.

पाईप नव्हते गळत, पंप नव्हता, पॅकिंग नव्हतं. डायनामो उतरवला. त्याच्या मागं ब्लॉकच्या बाजूला जुन्या रंगाचा जाड थर होता. ब्लॉक धुताना तो मी खरवडला नव्हता. चूक माझीच. आता पत्री घेऊन खरवडायला लागलो. रंगाखाली एक तिरपी, बारीक रेघ दिसली. आणि त्या रेघेवर एकाला एक चिकटून गोल ठिपके, मणी ओवावेत तसे. मोजले, अकरा.

मी खाली बसलो.

बीडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, ब्लॉकला चीर गेली तर ती सरळ वेल्डिंगनं भरता येत नाही. बीडात कार्बन जास्त. एकाच जागी तापवलं की शेजारचा भाग कडक, ठिसूळ होतो आणि थंड होताना तिथंच नवी चीर जाते. म्हणून जुने लोक टाके घालायचे. आधी चिरेच्या दोन्ही टोकांना भोक पाडायचं, म्हणजे ती पुढं सरकत नाही. मग चिरेवर भोक, त्यात आटे, आट्यांत खिळा घट्ट बसवून कापायचा. पुढचं भोक असं घ्यायचं की आधीच्या खिळ्याचा थोडा भाग त्यात कापला जाईल. म्हणजे प्रत्येक खिळा शेजारच्याला अडकून बसतो. शेवटी हातोडीनं हलके ठोके आणि कानस. एका चिरेला दोन-दोन दिवस जातात. आता हे करणारे हात शोधावे लागतात.

शेवटच्या खिळ्याजवळ सेंटर पंचचे तीन बारीक ठिपके होते, चुलीच्या दगडांसारखे मांडलेले. ही माझ्या वस्तादांची खूण. मी १९८६ साली त्यांच्या हाताखाली आलो तेव्हा पंधरा वर्षांचा होतो. नाव कुठं लिहायचे नाहीत, फक्त हे तीन ठिपके. दरवर्षी दसऱ्याला ते मला दसरा चौकात घेऊन जायचे. छत्रपती घराणं जुन्या मेबॅकमधून तिथं येतं. गर्दी सोनं लुटायच्या घाईत असायची, आणि वस्ताद मान खाली घालून नुसता त्या इंजिनाचा आवाज ऐकत उभे असायचे. २००४ साली ते गेले. त्यांचा हातानं फिरवायचा ड्रिल माझ्याकडं आहे.

चौथ्या खिळ्याच्या कडेनं पाणी झिरपत होतं. चार दिवस पुराचं पाणी बसून तिथं गंज धरला होता. बाकीचे दहा कोरडे.

पोरगा म्हणाला, "काका, एपॉक्सी फासू या. दसरा निघंल की."

दसरा निघाला असता. पण त्या दहा खिळ्यांशेजारी लुकण लावायला माझा हात धजला नाही.

शेजारच्या लेथवर गेलो तर हार पडलेला, उदबत्ती चालू. पूजा झालेलं मशिन चालवा म्हणायला तोंड होईना. परत आलो. बायको ताट घेऊन दारात उभी. तिला म्हटलं, "हत्यारं अजून मांडू नको. आज उशीर होईल." ती ब्लॉकजवळ वाकली, ठिपके बघितले. वस्तादांना तिनं कितीदा तरी जेवू घातलं होतं. काही न बोलता ताट आत ठेवून चहा करायला गेली.

जुना खिळा काढायला वीजेचा ड्रिल घेतला नाही. जोर जास्त झाला तर शेजारचे खिळे हलतील. वस्तादांचाच ड्रिल घेतला. पोरगा बॅटरीचा उजेड धरून होता, मी थोडं फिरवायचो, थांबायचो, चुरा पुसायचो. मग आटे साफ केले. खिळा खरं तर बीडाचा हवा होता, पण लेथशिवाय तो कुठून आणणार? एका चांगल्या लोखंडी बोल्टवर डाय फिरवून आटे पाडले आणि त्याचाच केला. बसवला, कापला, ठोकला, कानस मारली. दोन वाजून गेले.

पोरगा म्हणाला, "आपली खूण मारू?"

"नको. अकरातला एकच आपला आहे."

मालक आणि त्यांच्या आई बाराच्या सुमारासच आले होते. आईंचं वय सत्तरीच्या पुढं. बाकावर बसून सगळं बघत होत्या. मी चिरेचं सांगितलं, तशा म्हणाल्या, "त्ये गगनबावड्याच्या घाटातलं. आणीबाणी उठली, त्या साली. गाडी उकळली, आन् ह्यांनी घाई केली. वढ्याचं गार पाणी आणून वतलं वरनं. असा टण्णदिशी आवाज झाला! माझ्या मांडीवर ह्यो झोपल्याला, त्यो बी दचकून उठला." तापलेल्या बीडावर गार पाणी पडलं की वरचा भाग एकदम आकसतो, आतला तसाच राहतो, आणि चीर जाते. बेचाळीस वर्षांपूर्वीचा तो आवाज त्यांना अजून ऐकू येत होता. मी मनात हिशेब केला. तेव्हा वस्ताद चाळिशीच्या आतले, माझ्या त्या दिवशीच्या वयापेक्षा लहान.

पाणी भरलं. अर्धा तास थांबलो. कोरडं. चोक ओढला, हँडल घातलं. पहिल्या फेरीला नुसता उसासा. दुसऱ्या फेरीला एक ठोका. तिसऱ्याला इंजिन लागलं. आधी तीनच सिलिंडर, मग चौथा येऊन मिळाला, आणि तो आवाज एकसारखा झाला. गॅरेजमध्ये कुणी बोललं नाही. शेजारच्या लेथवाले प्रसादाची वाटी हातात घेऊन दारात आले आणि तिथंच थांबले. वीस मिनिटं गाडी गरम होऊ दिली, बॅटरी मारून चौथ्या खिळ्याकडं बघत राहिलो. काही नाही.

पूजा चारला झाली. पाने, हातोड्या, फीलर गेज, आणि मधोमध तो ड्रिल. आईंनी विचारलं, "टाकं घातलेलं मिस्त्री आता कुठं असत्यात?" मी सांगितलं. त्यांनी करंडा मागून घेतला आणि ड्रिलच्या लाकडी मुठीला हळदीकुंकू लावलं.

जाताना त्या पुढं बसल्या. उलट्या दरवाज्यात पदर अडकू नये म्हणून आधी पदर आवरून घेतला, मग पाय. सवय दिसत होती.

दोन वर्षांनी, २०२१ साली, पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी केंद्राचे नियम आले. नंबरात 'व्हीए' मालिका, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं, आणि गाडी मूळ रूपातली हवी. अशा गाड्यांना मान मिळाला, याचा मला आनंद आहे. पण ती गाडी रोज फिरवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यासाठीच. मालकांनी मला विचारलं. मी म्हटलं, तुमच्या आई तिच्यातून बाजाराला जातात तोवर नको. त्यांनी तो नंबर घेतला नाही.

पुराच्या त्या वर्षी, २०१९ ला, दसऱ्याच्या रात्री नऊला मीच फोन केला होता. गावात सोनं वाटून ते नुकतेच परतले होते. मी म्हटलं, "गार झाल्यावर झाकण उघडून बघितलं का?"

"बघितलं की."

"किती कमी झालंय पाणी?"

"बोटभर बी न्हाई."