सड्यावरची गवतं: दिवाळीपर्यंत २३ शीट्स

मंडळी, यंदाचा हिशोब सांगतो. जूनपासून पाटण तालुक्यातल्या आमच्या गावावरच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या सपाट पठारावर, ११ फेऱ्या झाल्या, वाळवलेल्या गवताच्या २३ शीट्स चिकटवून तयार आहेत आणि सहा नमुने अजून पेपरात दाबलेत. कासला फक्त फोटो काढले, तिथली एक काडीही तोडली नाही आणि कुणी तोडूही नये.

श्रावणात नमुने वाळवताना फार हाल झाले, रोज दोनदा पेपर बदलूनही दोन नमुन्यांना बुरशी आलीच. आणि लेबल मी बॉलपेनने लिहिलेलं, पावसात शाई पसरली, कुठल्या उतारावरचं गवत तेच वाचता येईना म्हणून तो नमुना बाद करावा लागला, फार वाईट वाटलं कारण मुळांसकट छान निघाला होता. आता फक्त पेन्सिल. ठिकाण, उंची, तारीख, माती कसली, पाणी साचतं का, सगळं जागेवरच लिहितो, घरी येऊन आठवून नाही.

कुसळी गवताचं मात्र सांगायलाच हवं. तिच्या कणसात खालच्या जोड्यांना कुसळं नसतात, वरच्यांना लांब काळपट पिळदार कुसळं असतात, ती ओलीत उलगडतात आणि वाळली की परत पीळ घेतात, त्याच जोरावर बी मातीत घुसतं. संध्याकाळी कुसळं सुटी सुटी करून प्रेसमध्ये ठेवली होती, सकाळी बघतो तर सगळ्यांचा मिळून एक दोर वळलेला! तो तसाच शीटवर लावला, कारण गवताचा स्वभावच तो आहे.

सगळ्यात आनंद ग्लायफोक्लोआचा. जेमतेम वीतभर गवत, जांभ्यावरच्या बोटभर मातीत वाढलेलं, आणि ही सगळी जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट, भारताच्या द्वीपकल्पाबाहेर कुठे नाही. लेन्सखाली स्पाइकलेटच्या (कणसातल्या छोट्या फुलगुच्छाच्या) खालच्या ग्लूमच्या (तळाच्या खवल्याच्या) कडेला काटे दिसले की हात थांबतो. जात त्या काट्यांवरून आणि नक्षीवरूनच ठरते, म्हणून शीटवर मी अजून फक्त जीनस लिहिलीय, घाईने जातीचं नाव टाकायचं नाही. थोड्या स्पाइकलेट वेगळ्या कागदी पाकिटात घालून शीटच्या कोपऱ्यात चिकटवल्यात, म्हणजे बघणाऱ्याला मुख्य नमुना मोडावा लागणार नाही.

उंच गवतं एन आकारात दुमडून बसवतोय, पण पान आणि खोड मिळतात तिथली लिग्यूल (छोटा पापुद्रा किंवा केसांची झालर) दिसेल असंच. पुढच्या महिन्यात पुण्याला बीएसआयच्या (भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या) हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, परवानगी काढून तुलना करायचीय. कुणी येणार असाल तर सांगा, आणि तुमच्याकडच्या सड्यावर ग्लायफोक्लोआ दिसलं असेल तर ग्लूमचा जवळून काढलेला फोटो नक्की टाका.