स्नेहसंमेलनातली मिनेट डि सिल्वांची संध्याकाळ

मुंबईतल्या आमच्या वास्तुकला महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन दरवर्षी डिसेंबरात भरत असे आणि नाटक, गाणी, शेलापागोटे यांच्या धामधुमीतही एक संध्याकाळ एखाद्या वास्तुविशारदाच्या कामासाठी राखून ठेवलेली असे. इतिहास शिकवणाऱ्या आमच्या बाई त्या दिवशी पडद्यावर नकाशे दाखवीत बोलत. त्यांपैकी श्रीलंकेच्या वास्तुविशारद मिनेट डि सिल्वा यांच्यावरचे व्याख्यान मला आजही सर्वांत प्रिय आहे.

मिनेट यांचा जन्म १९१८ सालचा, कँडीचा. तेव्हाच्या सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, वास्तुकलेच्या शिक्षणाची सोय नसल्यामुळे त्या मुंबईला आल्या आणि मिस्त्री व भेदवार यांच्या कार्यालयात त्यांनी उमेदवारी केली. भारतातल्या अगदी पहिल्या महिला वास्तुविशारदांपैकी एक असलेल्या पेरीन मिस्त्री त्याच कार्यालयातल्या, हे सांगताना बाईंचा स्वर अभिमानाने भरून येई. पुढे गांधीजींच्या सुटकेसाठी निघालेल्या मोर्चात भाग घेतल्याबद्दल माफी मागण्यास नकार दिल्यामुळे मिनेट यांना मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतले शिक्षण सोडावे लागले, तरीही १९४८ मध्ये ब्रिटिश वास्तुविशारदांच्या रॉयल इन्स्टिट्यूटचे सहयोगी सदस्यत्व मिळवणाऱ्या त्या पहिल्या आशियाई महिला ठरल्या.

बाई सर्वाधिक रमत त्या कँडीतल्या कामांत. उतारावर पातळ्या पाडून उभारलेल्या करुणारत्ने यांच्या घरात मिनेट यांनी काँक्रीटच्या बांधकामाशेजारी कँडीजवळच्या दुंबरा भागातल्या विणकरांच्या चटया आणि लाखेचे रंगकाम मानाने बसवले. पन्नाशीच्या दशकातल्या वटपुलुव वसाहतीत तर त्यांनी आराखड्याला हात घालण्यापूर्वी भावी रहिवाशांना प्रश्नावली देऊन त्यांच्या गरजा, सवयी आणि ऐपत जाणून घेतली. माझ्या मते त्यांचे खरे मोठेपण इथेच आहे, कारण रहिवाशांना विचारण्याची रीत आपल्या व्यवसायात अजूनही पुरती रुळलेली नाही. श्रीलंकेच्या वास्तुविशारद संस्थेने त्यांना सुवर्णपदक दिले ते १९९६ मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनाच्या अवघी दोन वर्षे आधी. हा उशीर मला फार लागतो.

त्या व्याख्यानानंतरच्या वर्षी संमेलनाच्या मांडवाचा आराखडा करणाऱ्या मुलामुलींनी उपाहारगृहातल्या मावशींना, शिपाईकाकांना आणि पहारेकऱ्यांना आधी प्रश्न विचारले. मावशींच्या सांगण्यावरून पाण्याचे पिंप उन्हातून सावलीत आले, जेवणाच्या रांगेसाठी दुसरी वाट निघाली, आणि पुढच्या तुकड्यांनीही ही विचारपूस चालू ठेवली.