तुम्ही विचारलंत म्हणून : खुब्याचा कृत्रिम सांधा किती वर्षे टिकतो?

मुंबईत कृत्रिम सांध्यांच्या चाचणीचे काम मी करते हे कळले की हा प्रश्न ठरलेला असतो. आमच्या दादरच्या इमारतीतल्या काकांनीही, खुब्याच्या शस्त्रक्रियेची तारीख मिळाल्यावर, तोच विचारला.

काकांना मी सांगितले, की आमचे चाचणीचे यंत्र वर्षे मोजत नाही, फेऱ्या मोजते. सेकंदाला एक याप्रमाणे, जास्तीत जास्त सुमारे ३०० किलोंच्या भाराखाली, कृत्रिम सांध्याचा गोळा त्याच्या वाटीत फिरत राहतो. ५० लाख फेऱ्यांना न थांबता ५८ दिवस लागतात आणि १० लाख फेऱ्या म्हणजे साधारण वर्षभराचे चालणे असे धरण्याचा प्रघात आहे. सांधा ३७ अंशांवर, वासराच्या रक्ताच्या पातळ केलेल्या सीरममध्ये बुडलेला असतो, कारण प्रथिनांशिवाय, नुसत्या पाण्यात, पॉलिएथिलीन, म्हणजे वाटीचे प्लास्टिक, शरीरातल्यासारखे झिजत नाही.

खरी कसोटी वजन करताना लागते. पॉलिएथिलीनची वाटी द्रव शोषते, त्यामुळे झिजूनही ती जड भरू शकते. म्हणून तशीच दुसरी वाटी न फिरवता त्याच द्रवात ठेवून तिचे वाढलेले वजन हिशेबात धरावे लागते. जुलैच्या दमट हवेत निर्वातात वाळवलेली वाटी काट्यावर ठेवली, की मिलिग्रॅमचा दहावा भाग स्थिर होईपर्यंत मी काचेचे दार उघडत नाही.

ब्रिटिश शल्यविशारद जॉन चार्न्ली यांनी आधी बसवलेल्या टेफ्लॉनच्या वाट्या थोड्याच वर्षांत झिजल्या, तेव्हा १९६२ मध्ये ते पॉलिएथिलीनकडे वळले. आज किरणांचा मारा करून ते कमी झिजेल असे करतात. पण त्याच किरणांमुळे पुढे ऑक्सिजनशी संयोग होऊन ते ठिसूळ होण्याची भीती असते, म्हणून ७० अंशांवर, पाच वातावरणांच्या दाबाच्या ऑक्सिजनमध्ये १४ दिवस ठेवून नमुना मुद्दाम म्हातारा करतात.

तरीही नेहमीच्या चाचणीत सांधा फक्त चालतो. तो उकिडवा बसत नाही, दादरच्या पुलाचे जिने चढत नाही. धातूवर धातू घासणारे सांधे यंत्रावर फारच कमी झिजत, पण शरीरात वाटी तिरपी बसली तेव्हा त्यांची कड घासली गेली, आणि त्यातला एक २०१० मध्ये जगभरातून परत घ्यावा लागला. त्यामुळे कोणती वाटी कमी झिजते हे मी खात्रीने सांगते, वर्षांचा आकडा मात्र देत नाही.

झिजेचे बारीक कण भोवतालचे हाड पोखरतात आणि ते बराच काळ दुखत नाही. म्हणून, दुखत नसले तरी डॉक्टर सांगतील तेव्हा एक्स-रे काढायला जा, एवढे मी काकांकडून कबूल करून घेतले.