तारबाबूची रद्दी

घरी येणारा प्रत्येक जण कपाटातला ‘अर्गोसी’ या गोष्टींच्या अमेरिकन नियतकालिकाचा जुना अंक उचलतो आणि विचारतो, “ही रद्दी कशाला जपून ठेवलीय?” तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो. आधी तो खाली ठेवा, कोपऱ्याचा चुरा पडतोय. लाकडाच्या लगद्याचा हा स्वस्त कागद. त्यातलं लिग्निन, म्हणजे लाकडाला ताठपणा देणारं द्रव्य, उजेडाने तपकिरी पडतं आणि पान पापडासारखं मोडतं. लगदा म्हणजे पल्प. स्वस्तातल्या गोष्टींच्या ‘पल्प’ मासिकांचं नाव तिथूनच आलं.

हा धंदा सुरू केला फ्रँक मन्सीने. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या ऑगस्टाचा तारबाबू. १८८२ मध्ये न्यूयॉर्कला उतरला तेव्हा खिशात जेमतेम ४० डॉलर. मुलांसाठी ‘गोल्डन अर्गोसी’ (पुढे नुसतं ‘अर्गोसी’) हे साप्ताहिक निघालं, मन्सी त्याचा संपादक, आणि काही महिन्यांतच प्रकाशकाचं दिवाळं. थकलेल्या पगारापोटी साप्ताहिकच मन्सीच्या गळ्यात पडलं. लेखकांना द्यायला पैसे नव्हते, मग पठ्ठ्याने रात्री बसून क्रमशः कादंबऱ्या स्वतःच लिहिल्या. (त्या फार वाचवत नाहीत, ते सोडा.)

१८९३ मध्ये त्याने आपल्या दुसऱ्या मासिकाची किंमत २५ सेंटवरून १० वर आणली. वितरकांनी अंक उचलायला नकार दिला, तर हा थेट विक्रेत्यांकडे गेला. मग १८९६ मध्ये ‘अर्गोसी’तली चित्रं काढली, लेख काढले. लगद्याच्या कागदावर १९२ पानं, नुसत्या गोष्टी, १० सेंट! गोष्ट रंगली की कागद कोण बघतो, हा त्याचा सरळ हिशेब. त्याच्याच ‘ऑल-स्टोरी’तून १९१२ मध्ये टारझन आला, १९१९ मध्ये मुखवटेवाला तलवारबाज झोरो.

त्याला गोष्टींचं वेड होतं का? मला नाही वाटत. पुढे त्याने वर्तमानपत्रंही विकत घेतली, एकमेकांत मिसळली, बंद पाडली. १९२५ मध्ये तो गेला, तेव्हा विल्यम अ‍ॅलन व्हाइट या संपादकाने मृत्युलेखात त्याच्या पत्रकारितेला थेट मांस-कारखानदाराची अक्कल म्हटलं.

लग्न केलेलं नव्हतं. इस्टेटीचा मोठा वाटा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयाला गेला. त्याचे अंक मात्र लोकांनी वाचले आणि फेकले. हा माझ्याकडचा त्याच्या मागाहूनचा, १९३० च्या दशकातला. उघडायचाच असेल तर थांबा, खाली पेपर अंथरतो.