घरी थांबायचे ४८ तास आणि त्याचे पैसे

हिवाळा लागला की इंग्लंडमधल्या केअर होम्समध्ये, म्हणजे वृद्धाश्रमांत, नोरोव्हायरसचं नुसतं नाव काढलं तरी पोटात गोळा येतो. मी लीड्सच्या बाजूला अशाच एका होममध्ये नर्स आहे. आई फोनवर विचारते, उलट्या-जुलाबच ना गं, त्यात काय एवढं? तरुण माणसाला खरंच फार काही नाही, एक-दोन दिवस बाथरूमच्या फेऱ्या आणि मग मऊ भात खाऊन माणूस उभा राहतो. पण ऐंशी-नव्वदीत तसं नसतं, आधीच तहान कमी लागते, त्यात ब्लडप्रेशरच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू, चार जुलाब झाले की बीपी खाली जातं, माणूस गोंधळतो, रात्री एकटाच टॉयलेटला उठतो, पडतो, आणि खुबा मोडून हॉस्पिटलात जातो. म्हणून या दिवसांत आम्ही त्या गोळ्या थोडे दिवस बंद ठेवायच्या का हे जीपीला, म्हणजे फॅमिली डॉक्टरला, लगेच फोन करून विचारतो.

हा विषाणू भयंकर चिवट आहे. १९६८ साली अमेरिकेत ओहायोमधल्या नॉरवॉक गावच्या शाळेत साथ आली त्यावरून त्याचं नाव पडलं. लागण व्हायला शंभराच्या आत कण पुरतात आणि एका उलटीतून त्याच्या कितीतरी पट बाहेर पडतात, हवेत बारीक तुषार उडतात, मग दाराची मूठ, वॉकरचा दांडा, टीव्हीचा रिमोट सगळीकडे बसतात आणि तिथे कित्येक दिवस टिकतात. लागण झाल्यापासून त्रास सुरू व्हायला १२ ते ४८ तास, म्हणजे पहिला पेशंट कळतो तोवर पुढच्यांना लागण होऊन गेलेली असते.

कोरोनाने आम्हा सगळ्यांना सॅनिटायझरची सवय लावली आणि इथे तीच सवय नडते. कोरोनाच्या विषाणूला चरबीचं आवरण असतं, अल्कोहोल ते फोडतं, नोरोला ते आवरणच नाही त्यामुळे जेल चोळून त्याला विशेष काही होत नाही. साबण, वाहतं पाणी आणि नीट चोळणं, एवढंच. नवीन केअरर, म्हणजे म्हाताऱ्यांची देखभाल करणारी मुलं येतात त्यांना मी पहिल्या दिवशी सिंकपाशी उभं करून हेच दाखवते, अंगठे आणि बोटांच्या बेचक्या कायम राहून जातात.

आणि हात फक्त आपलेच नाहीत धुवायचे. डिमेन्शिया असलेल्या एक आजी आहेत (इथे सगळे त्यांना नावाने हाक मारतात, मी मनात आजीच म्हणते), त्या दिवसभर कॉरिडॉरमधून फिरतात, प्रत्येक दार उघडून बघतात. त्यांना "खोलीतच बसा" सांगून काय उपयोग, पाच मिनिटांनी त्या परत बाहेर. मग आम्ही कोमट पाण्याचं भांडं घेऊन त्यांच्या समोर बसतो, आधी आपले हात बुडवतो, मग त्या बुडवतात, साबणाचा वास घेतात, बोटं एकमेकांत घालतात. दहा मिनिटं जातात. ही दहा मिनिटं रोटामध्ये (ड्यूटीच्या वेळापत्रकात) कुठेच लिहिलेली नसतात पण साथ आटोक्यात आणायला ती लागतातच.

बाकीची पद्धत ठरलेली आहे. दोन जणांना एकदम त्रास सुरू झाला की ती साथ समजायची आणि हेल्थ प्रोटेक्शन टीमला, म्हणजे साथींवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी टीमला, कळवायचं. स्टूल चार्टवर (शौच किती घट्ट-पातळ ते नोंदवायचा तक्ता) सहा-सात नंबर, म्हणजे पातळ जुलाब, दिसायला लागले की सॅम्पल पाठवायचं, पण रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही. आजारी माणूस आपल्या खोलीत, त्याच्यासाठी शक्यतो ठरावीकच केअरर, नवीन ॲडमिशन बंद. लाउंजमध्ये कुणाला उलटी झाली तर आधी बाकीच्यांना तिथून हलवायचं, ग्लोव्हज-एप्रन घालून पेपर टॉवेलने घाण उचलायची, डिटर्जंटने पुसायचं आणि मगच १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) क्लोरीनचं पाणी, कारण घाणीवर थेट क्लोरीन ओतलं तर ते तिथेच वाया जातं. कार्पेटवर व्हॅक्यूम फिरवायचा नाही, स्टीम क्लीनिंग करायचं. चादरी, कपडे लाल विरघळणाऱ्या पिशवीत भरून ती पिशवी तशीच मशीनमध्ये, हाताने झटकायचं नाही.

आणि पाणी पाजणं! इतकं साधं काम, पण त्यालाच सगळ्यात जास्त माणसं लागतात. भरलेला ग्लास समोर ठेवला तर तो संध्याकाळपर्यंत तसाच भरलेला असतो. चमच्या-चमच्याने ओआरएस, थोडं थांबायचं, परत दोन चमचे, तोंड पुसायचं, आणि किती गेलं ते चार्टवर लिहायचं.

आता मला जे मुद्दाम सांगायचंय ते. नियम असा आहे की उलटी-जुलाब झालेल्या केअररने शेवटचा त्रास थांबल्यावर पूर्ण ४८ तास कामावर यायचं नाही. नियम शंभर टक्के बरोबर आहे, बरं वाटायला लागल्यावरही विषाणू शरीरातून बाहेर पडतच असतो. पण या देशात वर्षानुवर्षं सरकारी नियमाप्रमाणे आजारपणाचे पहिले तीन दिवस एक पेनीसुद्धा मिळत नव्हती, आणि हा आजार नेमका तेवढ्याच दिवसांचा! घरभाडं डोक्यावर, बरेच जण व्हिसावर, मालकाशी वाकडं नको म्हणून धास्तावलेले, मग पोरगी सकाळी उलटी करून गोळी घेऊन शिफ्टला येणार नाही तर काय करणार? मी अशांना घरी पाठवलंय आणि त्यांचा चेहरा बघून मलाच वाईट वाटलंय. एप्रिल २०२६ पासून पहिल्या दिवसापासून सिक पे लागू झाला हे फार चांगलं झालं, पण रक्कम पूर्ण आठवड्याला सव्वाशे पौंडाच्या आसपास, त्यात कुणाचं घर चालतं? जे होम आजारी माणसाला पूर्ण पगार देतं ते साथ रोखण्यावरचाच खर्च करतंय असं माझं स्पष्ट मत आहे. क्लोरीनच्या बादल्या कितीही आणा, आजारी केअरर मजल्यावर फिरत असेल तर त्यांचा काय उपयोग.

आपल्याकडे पुण्या-नाशकात आता कितीतरी जणांचे आईवडील वृद्धाश्रमात आहेत, मुलं बाहेर. ॲडमिशन घेताना आपण खोली बघतो, जेवण बघतो, बाग बघतो. तिथल्या मावशींना आणि मामांना जुलाब लागले तर पगारी सुट्टी मिळते का, हेही ऑफिसात विचारा. टॉयलेटजवळ साबण आहे का की नुसतीच जेलची बाटली, तेही बघा, आणि तुम्हाला स्वतःला गेल्या दोन दिवसांत उलट्या झाल्या असतील तर कितीही लांबून आला असलात तरी त्या आठवड्यात आईला व्हिडिओ कॉलच करा.